मोटरहोमच्या गिअरबॉक्समधलं लाल तेल

१९७१ साली सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या काठावरचं, रिचमंड इथलं देवमासे कापण्याचं केंद्र बंद झालं. व्यापारी शिकारीतले देवमासे अमेरिकेच्या किनाऱ्यावर ओढून आणण्याचं हे शेवटचं ठिकाण. त्याच सुमारास तिथून तीन हजारांहून अधिक किलोमीटर दूर, मिशिगन राज्यातल्या पॉन्टिॲक शहरात, जनरल मोटर्सच्या ट्रक विभागातले इंजिनिअर एका नव्या वाहनाच्या मागे लागले होते. आत पलंग, ओटा, शीतकपाट, न्हाणीघर आणि पुढे साडेसात लिटरचं इंजिन असं ते चाकांवरचं घर होतं. मे १९७२ मध्ये वॉशिंग्टनजवळच्या डलस विमानतळावर भरलेल्या ‘ट्रान्स्पो ७२’ प्रदर्शनात ते लोकांसमोर आलं आणि पुढच्या वर्षी ‘जीएमसी मोटरहोम’ या नावानं विकायला लागलं.

रिचमंडचं केंद्र आणि पॉन्टिॲकचा कारखाना यांना जोडणारी वस्तू फार साधी दिसते. ती म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधलं लाल तेल. मोटरहोम बाळगणाऱ्यांना आजही सर्वांत जास्त घोळात टाकणारा प्रश्न याच तेलाचा आहे: कोणतं घालायचं आणि कधी बदलायचं? हा घोळ कुणा एकाच्या अज्ञानातून झालेला नाही. त्यामागे साठ-सत्तर वर्षांचा इतिहास आहे, आणि तो कळला की डबा निवडणं बरंच सोपं होतं.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बाजारात आणण्याचं श्रेय अर्ल थॉम्पसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना जातं. गिअर टाकताना होणारी खरखर थांबवणारी सिंक्रोमेश यंत्रणाही थॉम्पसन यांचीच. कॅडिलॅकनं ती १९२८ मध्ये आणली होती. त्यानंतर क्लचचं पेडलच काढून टाकायचं त्यांनी मनावर घेतलं. १९३९ च्या अखेरीस, १९४० च्या मॉडेलसाठी, ओल्ड्समोबिल गाडीत ५७ डॉलर जादा भरून ‘हायड्रामॅटिक’ मिळू लागला. इंजिनाची ताकद गिअरपर्यंत पोचवायला त्यात तेलाचं कपलिंग होतं. तेलातून ताकद नेण्याची मूळ कल्पना जर्मन इंजिनिअर हेरमान फ्योटिंगर यांची. १९०५ साली त्यांनी ती जहाजांसाठी पेटंट केली होती.

इथे तेलाचं काम पार बदललं. साध्या गिअरबॉक्समध्ये तेल फक्त वंगण असतं. दात झिजू नयेत, उष्णता निघून जावी, एवढंच त्याच्याकडून मागणं. हायड्रामॅटिकमध्ये तेच तेल ताकद वाहून नेत होतं, दाबाखाली झडपा उघडत-मिटत होतं, कोणता गिअर कधी पडावा याची यंत्रणा हलवत होतं, आणि क्लचप्लेटा एकमेकींना किती चटकन पकडतील हेही ठरवत होतं. म्हणजे तेल हा यंत्राचा एक भागच झाला. भाग म्हटला की तो मापात हवा, आणि सगळीकडे सारखा हवा.

सुरुवातीला हे खास तेल जनरल मोटर्सच्या विक्रेत्यांकडेच मिळे. मग युद्ध आलं आणि हायड्रामॅटिक रणगाड्यात शिरला. एम-५ स्टुअर्ट या हलक्या रणगाड्यात दोन कॅडिलॅक इंजिनं आणि दोन हायड्रामॅटिक बसवलेले होते. युद्धानंतर गाड्यांची मागणी इतकी वाढली की गावोगावच्या पंपावर हे तेल मिळणं भाग झालं. म्हणून १९४९ मध्ये जनरल मोटर्सनं ‘टाइप ए’ नावाचं मानक जाहीर केलं. कोणत्याही तेल कंपनीनं आपलं तेल शिकागोच्या आर्मर रिसर्च फाउंडेशनकडे पाठवावं, ते तपासण्यांत उतरलं तर ‘एक्यू-एटीएफ’नं सुरू होणारा क्रमांक मिळवावा आणि तो डब्यावर छापावा, अशी पद्धत होती. पहिल्या दोन अक्षरांचा अर्थ ‘आर्मर क्वालिफिकेशन’.

ही पद्धत फार शहाणपणाची होती. ग्राहकाला रसायनशास्त्र कळायची गरज नव्हती. क्रमांक आहे की नाही, एवढं पाहायचं. फोर्ड, क्रायस्लर यांच्या गाड्यांतही बरीच वर्षं टाइप ए चाले. या सर्वमान्य तेलाची किंमत १२ ऑगस्ट १९५३ ला दिसून आली. त्या दिवशी मिशिगनमधल्या लिव्होनिया इथला हायड्रामॅटिकचा अवाढव्य कारखाना जळून खाक झाला. कटिंग टॉर्चच्या ठिणग्या गंज रोखणाऱ्या ज्वलनशील द्रवावर पडल्या आणि छपराच्या डांबरानं आग पसरवली. माणसं दगावली आणि एकट्या त्या कारखान्यावर अवलंबून असलेल्या कंपन्यांची पळापळ झाली. कॅडिलॅकनं ब्यूइकचा डायनाफ्लो बसवला, पॉन्टिॲकनं शेवरोलेचा पॉवरग्लाइड. गिअरबॉक्सची रचना पूर्ण वेगळी, पण तेल तेच. पंपावरच्या माणसाला काही नवं शिकावं लागलं नाही. हायड्रामॅटिकचं उत्पादन काही आठवड्यांतच विलो रन इथे, दुसऱ्या महायुद्धात फोर्डनं बॉम्बफेकी विमानं बांधली त्या इमारतीत, पुन्हा सुरू झालं.

१९५७ मध्ये टाइप ए सुधारून ‘सफिक्स ए’ आलं. तोवर तेलातला एक घटक पक्का बसला होता: स्पर्म व्हेलचं तेल.

या देवमाशाच्या प्रचंड डोक्यात आणि चरबीत जे तेल असतं ते इतर प्राण्यांच्या चरबीसारखं नसतं. रासायनिकदृष्ट्या ते द्रवरूप मेण आहे. थंडीत ते चटकन थिजत नाही, तापल्यावर पटकन बिघडत नाही आणि धातूच्या पृष्ठभागाला धरून राहतं. गंधकाशी प्रक्रिया करून ते थोड्या प्रमाणात मूळ तेलात मिसळलं की क्लचप्लेटा एकमेकींवर झटका न देता टेकत. सगळं कसब त्या शेवटच्या क्षणात असतं. दोन प्लेटा वेगवेगळ्या गतीनं फिरत असतात, दाब वाढतो, वेगातला फरक कमी होत होत शून्यावर येतो. शून्याशी येताना घर्षण एकदम वाढलं तर गाडीला हिसका बसतो. ते हळूहळू उतरलं तर आत बसलेल्याला गिअर बदललेला जाणवतही नाही. देवमाशाच्या तेलानं हे घर्षण उतरतं ठेवलं.

१९६७ मध्ये जनरल मोटर्सनं ‘डेक्सरॉन’ हे नवं मानक आणलं, त्यातही हाच मऊपणा हवा होता. फोर्डला मात्र नेमकं उलट हवं होतं. त्याच वर्षीच्या ‘टाइप एफ’मध्ये घर्षण मवाळ करणारी द्रव्यं नव्हती. प्लेटा घट्ट आणि पटकन पकडाव्यात, घसरत राहून जळू नयेत, हा फोर्डचा विचार होता. दोन्ही विचारांत तथ्य होतं. वाईट एवढंच झालं की दोन्ही तेलं लाल होती. गळती झाली तर इंजिन ऑइलपासून वेगळं ओळखू यावं म्हणून लाल रंग मिसळतात, त्याचा गुणधर्माशी संबंध नाही. पंपावर शेजारीशेजारी मांडलेले, एकाच रंगाचे आणि विरुद्ध स्वभावाचे दोन डबे, ही परिस्थिती इथून सुरू झाली. टाइप एच्या काळातली निश्चिंती संपली.

आणि नेमक्या याच वर्षांत मोटरहोम भरभराटीला आलं.

मिशिगनमधल्या ब्राउन सिटीच्या रे फ्रँक यांनी १९५० च्या दशकात आपल्या कुटुंबासाठी चाकांवरचं घर बांधलं आणि पुढे डॉजच्या चासीवर ती घरं विकायला सुरुवात केली. पण ती महाग होती. आयोवा राज्यातल्या फॉरेस्ट सिटीच्या विनेबेगो कंपनीनं १९६६ च्या सुमारास हेच काम जुळणीच्या साखळीवर आणलं, किंमत खूपच खाली आली आणि निवृत्त शिक्षक, शेतकरी असे लोक मोटरहोम घेऊ लागले. यातल्या बहुतेक गाड्यांना ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असे, कारण त्या गाड्या साठीतली, ट्रक कधी न चालवलेली माणसं चालवणार होती. डॉजच्या चासीवर टॉर्कफ्लाइट, फोर्डवर सी-६, शेवरोलेवर टर्बो हायड्रामॅटिक. मुळात हे गिअरबॉक्स मोटारगाड्या आणि पिकअपसाठी घडवलेले. त्यांच्या माथी आता पाच-पाच टनांचं घर बसलं.

जीएमसी मोटरहोमची रचना यात सर्वांत धाडसी. १९६६ मध्ये आलेल्या ओल्ड्समोबिल टोरोनॅडो या गाडीच्या मालिकेचं इंजिन आणि टर्बो हायड्रामॅटिक ४२५ गिअरबॉक्स तिनं जसाच्या तसा उचलला. पुढची चाकं ओढणारी गाडी असल्यानं टॉर्क कन्व्हर्टर (तेलाच्या कपलिंगचीच सुधारलेली आवृत्ती) इंजिनाच्या मागे आणि गिअरबॉक्स इंजिनाच्या बाजूला, आडोशाला बसवलेला. दोघांना जोडणारी रुंद पोलादी साखळी. मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्टच नाही, त्यामुळे घराची जमीन खाली आणता आली. लांबी २३ किंवा २६ फूट. १९७८ पर्यंत अशी सुमारे १२,९०० वाहनं बनली आणि त्यांतली बरीच आजही रस्त्यावर आहेत.

मोठ्या गाडीत टॉर्क कन्व्हर्टरचं तेल सर्वाधिक तापतं ते चढावर, कमी वेगात. इंजिन जोरात फिरतंय आणि चाकं हळू, या फरकाची सगळी उष्णता तेलात जाते. मार्च १९७३ मध्ये कोलोरॅडोत आयझेनहॉवर बोगद्याची पहिली नळी खुली झाली. समुद्रसपाटीपासून सुमारे ३,४०० मीटर उंचीवर नेणारा तिथला महामार्ग मोठ्या चढाचा आहे, आणि रॉकी पर्वत ओलांडायला निघालेली मोटरहोमं मागे छोटी गाडी ओढत त्यावर चढू लागली. गिअरबॉक्स दुरुस्त करणाऱ्यांमध्ये एक ठोकताळा पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. तेल ७९ अंश सेल्सिअसला राहिलं तर ते १,६०,००० किलोमीटर टिकतं, आणि पुढे दर ११ अंशांना आयुष्य निम्मं होतं. ११३ अंशांना उरतात २०,००० किलोमीटर. हा हिशेब प्रयोगशाळेचा नाही, गॅरेजचा आहे, पण मोटरहोमच्या बाबतीत तो डोळ्यांसमोर ठेवणं शहाणपणाचं.

आता पुन्हा देवमाशाकडे. २ डिसेंबर १९७० ला अमेरिकी सरकारनं स्पर्म व्हेलला नामशेष होऊ घातलेल्या प्राण्यांच्या यादीत टाकलं, १९७१ अखेर व्यापारी शिकारीचे परवाने संपले आणि १९७२ च्या सागरी सस्तन प्राणी संरक्षण कायद्यानं उरलीसुरली वाट बंद केली. हा निर्णय व्हायलाच हवा होता. गिअर मऊ पडावा म्हणून समुद्रातला सर्वांत मोठा दंतधारी प्राणी संपवणं कोणत्याही हिशेबात बसत नाही. पण त्याची तांत्रिक किंमत खरी होती आणि ती गाडीवाल्यांनी भरली. रसायनतज्ज्ञांना पर्याय घाईघाईनं शोधावे लागले. १९७० च्या दशकातलं ‘डेक्सरॉन-२’ त्यातूनच आलं. त्याच्या सुरुवातीच्या सूत्रातला एक दोष लवकरच उघड झाला. गिअरबॉक्सचं तेल थंड करणारी नळी रेडिएटरच्या पोटातच बसवलेली असते, आणि नव्या तेलानं तिच्या डाकेच्या जोडांना खायला सुरुवात केली. जोड सुटला की रेडिएटरमधलं कूलंट तेलात शिरतं. डिपस्टिकवर लाल तेलाऐवजी गुलाबी, दुधाळ फेस दिसतो, आणि तो दिसेपर्यंत प्लेटांवर चिकटवलेलं अस्तर सुटू लागलेलं असतं. पुढे सूत्र बदलून ‘डेक्सरॉन-२डी’ आलं.

देवमाशाच्या तेलाला निसर्गातला खरा जोड एका वाळवंटी झुडपात सापडला. ॲरिझोना, कॅलिफोर्निया आणि मेक्सिकोच्या सोनोरा वाळवंटात वाढणाऱ्या होहोबाच्या बियांत असंच द्रवरूप मेण असतं. त्याच्या लागवडीला सत्तरच्या दशकात मोठा उत्साह आला. भाव मात्र परवडेना. तेल कंपन्या कारखान्यात बनवलेल्या द्रव्यांकडे वळल्या आणि होहोबा सौंदर्यप्रसाधनांत गेला.

तेल बदलायची पद्धतही या काळात बिकट झाली. जुन्या हायड्रामॅटिकला खालच्या चेंबरचं तेल सोडायला बूच असे आणि कपलिंगलाही वेगळं बूच असे. दोन्ही उघडली की जवळपास सगळं तेल बाहेर. उत्पादन स्वस्त करताना कंपन्यांनी ही बुचं एकेक करून काढून टाकली. क्रायस्लरनं कन्व्हर्टरचं बूच सत्तरच्या दशकाच्या अखेरीस बंद केलं. त्यानंतर चेंबर सोडवून, फिल्टर आणि गॅस्केट बदलून निम्म्याहून कमीच तेल निघतं. बाकीचं कन्व्हर्टरमध्ये अडकून राहतं आणि नव्या तेलात मिसळतं. बूच काढून टाकून कंपन्यांनी डॉलर-दोन डॉलर वाचवले आणि गाडीवाल्याच्या पदरी कायमचं अर्धवट काम टाकलं. जाणकार मालक म्हणूनच थोड्याथोड्या अंतरानं दोन-तीनदा तेल बदलतात, किंवा कूलरची परतीची नळी सोडून इंजिन चालू ठेवत, जुनं बाहेर पडेल तितकं नवं ओततात. बाजारात मिळणारं, बूच असलेलं चेंबर पहिल्याच वेळी बसवून घेणारेही पुष्कळ आहेत.

तेलाची पातळी बघण्यातही कंपन्यांचं एकमत नव्हतं. गाडी सपाट जागी, तेल चालवून गरम झालेलं आणि इंजिन चालू, इथवर सगळे सारखे. पण जीएम आणि फोर्डच्या गिअरबॉक्समध्ये लिव्हर ‘पार्क’मध्ये ठेवून डिपस्टिक काढायची, तर टॉर्कफ्लाइटमध्ये ‘न्यूट्रल’मध्ये. कारण पार्कमध्ये टॉर्कफ्लाइटच्या कन्व्हर्टरला तेलच पुरवलं जात नाही आणि पातळी खोटी दिसते. अशा खोट्या पातळीवर विसंबून तेल कमी-जास्त झालं की दोन्हीकडून घात. कमी पडलं तर पंप हवा ओढतो. जास्त झालं तर फिरते भाग ते घुसळतात, फेस होतो, तो नळीतून वर येतो. मोटरहोममध्ये इंजिन चालकाच्या शेजारी झाकणाखाली असतं आणि तापलेला एक्झॉस्ट जवळच असतो. त्यावर तेल पडणं म्हणजे आगीला आमंत्रण, तेही ज्या गाडीत माणसं झोपतात तिच्यात.

डबे मात्र काही काळ पुन्हा एकत्र आले. फोर्डनं टाइप एफचा हट्ट हळूहळू सोडला. १९७७ मध्ये सी-६ साठी ‘टाइप सीजे’ आणि १९८७ मध्ये ‘मेरकॉन’ आलं. मेरकॉन डेक्सरॉनच्या इतकं जवळचं होतं की १९९३ मध्ये ‘डेक्सरॉन-३’ आल्यावर एकाच डब्यावर दोन्ही नावं झळकू लागली. नव्वदच्या दशकात प्रवासाला निघालेल्या मोटरहोमवाल्यासाठी हा सुखाचा काळ होता. कोणत्याही गावात, कोणत्याही दुकानात एक डबा उचलावा आणि शेवरोलेत घालावा किंवा फोर्डमध्ये.

मागे डिझेल इंजिन असलेल्या मोठ्या मोटरहोमांची वाट वेगळी होती. त्यांत इंडियानापोलिसच्या ॲलिसनचे बस-ट्रकचे गिअरबॉक्स असत. ॲलिसनचं आपलं ‘सी-४’ मानक होतं, आणि डेक्सरॉन-३ ही चाले. २००० च्या सुमारास ॲलिसननं कॅस्ट्रॉलबरोबर ‘ट्रान्सिंड’ हे कृत्रिम तेल आणलं आणि त्यासाठी ‘टीईएस २९५’ हे मानक लिहिलं. मोठ्या गिअरबॉक्समध्ये पूर्वी वर्षभरात किंवा ४०,००० किलोमीटरवर तेल बदलावं लागे. या तेलानं ती मुदत कित्येक पटींनी वाढली. अट एकच: आतलं जुनं तेल जवळजवळ पूर्ण निघालेलं हवं. अर्धं जुनं, अर्धं नवं अशा मिश्रणाला वाढीव मुदत लागू नाही. महागडं तेल एकदाच ओतून पाच वर्षं निर्धास्त राहणारे अनेक मालक हीच अट वाचत नाहीत.

मग सगळं पुन्हा फुटलं. सहा गिअरचे, संगणकावर चालणारे गिअरबॉक्स आले, त्यांना पातळ आणि काटेकोर तेलं हवी होती. जनरल मोटर्सनं २००५ मध्ये ‘डेक्सरॉन-६’ आणलं आणि ते आपल्या जुन्या गिअरबॉक्सांनाही चालेल असं जाहीर केलं. २००६ नंतर डेक्सरॉन-३ चे परवाने देणं बंद केलं. फोर्डनंही २००७ मध्ये मूळ मेरकॉनचे परवाने थांबवले. सत्तरच्या दशकातल्या मोटरहोमांचे काही मालक पातळ तेलावर जायला तयार नाहीत आणि जुन्या जाडीचंच तेल शोधतात. त्यांच्या गिअरबॉक्सचे पंप आणि झडपा ज्या जाडीच्या तेलासाठी घडवल्या, तेच तेल त्यांना हवं आहे. या आग्रहात वावगं काही नाही. पण त्यांना हवा तो डबा आता तपासणाराच कुणी उरलेला नाही.

म्हणून अमेरिकेत जुनं मोटरहोम घेणाऱ्यानं, मग तो टेक्ससचा निवृत्त शेतकरी असो की न्यू जर्सीतलं मराठी कुटुंब, आधी गिअरबॉक्सचं नेमकं मॉडेल शोधावं, गाडीची हस्तपुस्तिका मिळवावी आणि मग दुकानात जावं. डब्याच्या दर्शनी बाजूवर मोठ्या अक्षरांत काय लिहिलंय ते सोडून मागची बारीक अक्षरं वाचावीत. ‘परवानाप्राप्त’ लिहिलं असेल आणि खाली क्रमांक असेल, तर ते तेल गिअरबॉक्स बनवणाऱ्या कंपनीच्या तपासणीत उतरलेलं आहे. ‘साठी योग्य’ एवढंच असेल, तर तो फक्त तेल विकणाऱ्याचा शब्द आहे. आणि डेक्सरॉन-३ हे नाव आज ज्या डब्यावर दिसेल, त्यामागे जनरल मोटर्सचा परवाना नाही.